हुकूम आणि हाक : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

शिक्षकांनी मुलांशी आदराने बोलावे, अशी मागणी अधूनमधून होते. त्यावर 'सर्वांना अहो-जाहो करा' असे परिपत्रक मात्र कृपया काढू नका. "या राजे, बसा. उशीर शोभतो आपल्याला!" यात अरे-तुरे कुठेच नाही, तरी मूल वर्गासमोर खजील होते. (साताऱ्यात 'राजे' म्हणताना तर दुप्पट जपावे.) उलट "अरे, बस की खाली" हे इकडच्या पोराला घरचे वाटते.

अडते ते सूचना देण्याच्या रीतीत. "वह्या काढा, पान 32 उघडा, तारीख घाला, खालची उदाहरणं उतरवा." एका दमात चार आज्ञा. दुसरीतले मूल दप्तरात वही शोधते तोवर पानाचा आकडा हुकतो. ते शेजाऱ्याला विचारते आणि वरून "कोण बोलतंय?" येते. भाबडे मूल त्यावर खरेच नाव सांगते! एक सूचना द्यावी, शेवटच्या रांगेपर्यंत नजर टाकावी, मगच दुसरी. आकडा फळ्यावर लिहावा. "पळू नका"पेक्षा "चालत या" लवकर कळते. काम सांगताना नाव आधी घ्यावे. प्रश्न विचारताना मात्र आधी प्रश्न, जरा उसंत, मग नाव. नाव आधी घेतले की बाकीचा वर्ग सुटला. आणि "आपण वाचूया" म्हणणाऱ्याच्या हातीही पुस्तक हवे.

हाकेचे दुखणे जुने आहे. मुलींना नावाने आणि मुलांना आडनावाने हाक मारली जाते, आणि आडनावातून जात डोकावते. कराडकडे गळीत हंगामात टोळ्यांनी येणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुले वर्गात येतात. त्यांना 'ए टोळीवाल्या' म्हणणे ही गंमत नव्हे. शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 17 मानसिक छळालाही मनाई करते.

आमची मागणी छोटी आहे. केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) शाळाभेटीत 10 मिनिटे मागे बसून तीनच गोष्टी टिपाव्यात : सूचना किती दिल्या, किती पुन्हा सांगाव्या लागल्या, कुणाला काय म्हणून हाक मारली. कागद त्याच दिवशी शिक्षकाच्या हाती द्यावा, त्याच्या कामाच्या वार्षिक गोपनीय अहवालाला जोडू नये. जोडला, तर भेटीच्या दिवशी सगळीकडे "बाळांनो, बाळांनो" ऐकू येईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "ए, गप!"

आपले,
प्राथमिक शाळांतील काही भाषाशिक्षक, सातारा जिल्हा