सल्ला निकालानंतर नव्हे, पहिल्या चाचणीनंतर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी परीक्षांचे निकाल लागले की महाविद्यालयांत पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, राहिलेल्या विषयांचे परीक्षा अर्ज आणि त्यांचे शुल्क यांचीच चर्चा सुरू होते. विद्यार्थी मागे का पडला हे त्याला समोर बसवून विचारणारे फार थोडे असतात. नागपुरात अनेक वर्षे पदवीच्या वर्गांना शिकवल्यानंतर मला ही उणीव सर्वांत गंभीर वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 मध्येच विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक-समुपदेशक असावा आणि त्याने वसतिगृहाच्या अधीक्षकांशीही संपर्क ठेवावा, असे सुचवले होते. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनातही मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले जाते. त्यामुळे याद्या होतात, नोंदवह्यांवर सह्या होतात. परंतु ज्याचे नाव यादीत आहे त्या विद्यार्थ्याला आपले मार्गदर्शक कोण हे पुष्कळदा ठाऊकही नसते.

‘अभ्यास वाढव’ एवढेच सांगणे म्हणजे सल्ला नव्हे. गोंदिया-भंडाऱ्याच्या गावातून मराठी माध्यमात बारावी करून आलेली मुलगी विज्ञान शाखेच्या पहिल्या सत्रात नापास होते, तेव्हा तिला विषय कळलेला नसतो, की कळलेला विषय इंग्रजीत लिहिता येत नसतो, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत घेऊन शिक्षकाने तिच्याबरोबर बसून ती वाचावी. अंतर्गत गुण बरे आणि लेखी परीक्षेत अपयश असेल तर बहुधा उत्तर लिहिण्याचा सराव कमी पडलेला असतो. दोन्हीकडे गुण कमी असतील तर मागच्या इयत्तेतील पाया तपासावा लागतो. सायंकाळी दुकानात किंवा रात्री डिलिव्हरीचे काम करून सकाळी वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलाला वेळापत्रक आखून देण्यापूर्वी त्याच्या हाती खरोखर किती तास उरतात, हे विचारायलाच हवे.

विद्यार्थ्यांनाही माझे कळकळीचे सांगणे आहे. एटीकेटीमुळे पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला, तरी राहिलेला विषय मागे सुटत नाही. गणिताचा पहिला पेपर राहिला असेल तर त्यावर आधारलेला पुढचा पेपरही अवघड जातो, म्हणून असे पायाचे विषय आधी सोडवावेत. सगळे राहिलेले विषय एकाच उन्हाळी परीक्षेत काढण्याचा हट्ट धरण्याऐवजी मार्गदर्शकाशी बोलून क्रम ठरवावा. मात्र पुढील प्रवेशासाठी कोणते विषय सुटणे आवश्यक आहे, हे नियम पाहूनच ठरवावे. आणि निकाल घरी लपवू नये. आईवडिलांचे बोलणे काही दिवस लागेल, पण लपवाछपवीचे ओझे त्याहून जड असते, हे मी कितीतरी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार उत्तीर्ण विषयांचे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट्स) ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या डिजिटल खात्यात जमा राहतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य असतात. शिक्षणात खंड पडला म्हणजे सारे संपले, असे समजून खचलेल्या मुलांपर्यंत ही माहिती क्वचितच पोहोचते. मन फारच खचले असेल, झोप-जेवण उडाले असेल, तर अभ्यासाचा सल्ला बाजूला ठेवून समुपदेशकाकडे नेले पाहिजे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तो प्रत्येक वर्गाच्या सूचनाफलकावर लिहिलेला असावा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने आणि संलग्न महाविद्यालयांनी एवढे तरी करावे, की पहिल्या सत्रातील पहिल्या अंतर्गत चाचणीत मागे राहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मार्गदर्शक शिक्षकाने पंधरा दिवसांच्या आत भेटावे आणि हिवाळी परीक्षेचे अर्ज भरण्यापूर्वी आणखी एकदा भेटावे. या भेटींसाठी शिक्षकांच्या वेळापत्रकात तास राखून ठेवावा, कारण तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकांकडून वर्गाबाहेरचा हा वेळ विनामोबदला मागणे न्याय्य ठरणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, धरमपेठ, नागपूर