उतारावरचा गिअर, माळावरचा वारा

चि. सौ. सायली आणि चि. अनिकेतराव,
अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये डेन्व्हरहून रॉकी पर्वत बघून, वायोमिंगच्या माळावरून साउथ डकोटातल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानापर्यंत दोघंच गाडीने जाताय. बेत छान आहे. डोंगरात गाडी चालवायची रीत वेगळी आणि माळावरची वेगळी, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पेट्रोल. डेन्व्हरच्या पंपावर सगळ्यांत स्वस्त बटण बहुधा ८५ ऑक्टेनचं असतं (ऑक्टेन म्हणजे ठोके न मारता जळायची पेट्रोलची क्षमता). ते दाबू नका. उंचावर हवा विरळ, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांना ते चालून जायचं. पद्धत तशीच राहिली. आजच्या गाड्यांच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलेलं असतं. कमी घातलंत तर इंजिन ठोके मारू शकतं, आणि तीच टाकी घेऊन तुम्ही पुढे माळावर, दाट हवेत उतरणार. भाड्याची गाडी ताब्यात घेताना डिकीचा तळ उचलून स्टेपनी आहे का बघा. हल्ली पुष्कळ गाड्यांत फक्त हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं द्रव्य असतं. टायरची कड फाटली तर त्याचा काही उपयोग नाही.

रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातल्या ट्रेल रिज रोडचा माथा १२,१८३ फुटांवर आहे. डेन्व्हरला एक रात्र राहून मगच चढा. वेळेचं आरक्षण लागतं का, ते उद्यानाच्या संकेतस्थळावर आधी बघा. जूनमध्येही वर बर्फ पडून रस्ता तात्पुरता बंद होऊ शकतो. सकाळी लवकर चढा आणि दुपारच्या आत, जिथून वर झाडं उगवत नाहीत त्या रेषेखाली या, कारण दुपारी विजा होतात आणि वर उघड्यावर आडोसा नसतो. डोकं चढलं, मळमळलं, तर खाली उतरणं हाच उपाय.

आता मुख्य गोष्ट. चढताना गाडी दमते, एवढंच, धोका उतरताना. आपल्या घाटात म्हणतात ना, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, तोच नियम तिथेही पाळा. ऑटोमॅटिक गाडीत लोक ‘डी’वरच बसून राहतात आणि पाय ब्रेकवर ठेवून देतात. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर, म्हणजे ‘एल’, ‘२’ किंवा ‘एम’ लावा. हायब्रिड असेल तर ‘बी’. इंजिनाचा आवाज वाढेल, घाबरू नका, तेच गाडी धरून ठेवतंय. तरी वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबा, ३५ मैलांवरून २५ वर आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा वाढला की पुन्हा तसंच. पाय हलका टेकवून ठेवला की पॅड आणि डिस्क तापत जातात, मग ब्रेक ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन तळाला जातं. जळका वास आला तर बाजूला थांबा आणि ब्रेक पूर्ण निवू द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

माळावर उलट. तिथे ब्रेकला काम नाही, डोळ्यांना आहे. सरळ रस्ता झोप आणतो. दर दोन तासांनी चालवणारा बदला, म्हणजे सायली, तूही चालवायचंस. वारा आडवा असेल तर ट्रकला ओलांडताना नीट ऐका: ट्रकच्या आडोशाला वारा एकदम तुटतो आणि गाडी ट्रककडे ओढल्यासारखी होते, पुढे निघालात की तोच वारा झोडपतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर, झटका न देता थोडंथोडं वळवा. गाडीतून उतरताना दार हाताने धरूनच उघडा, नाहीतर बिजागरी वाकते. वायोमिंगमधल्या लस्क गावापासून न्यूकॅसल सुमारे ८० मैल आहे आणि मधे वस्ती नसल्यासारखीच, तेव्हा लस्कला टाकी भरा. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, रेंज जाते. रस्ते बंद आहेत का ते ‘वायोमिंग ५११’ या तिथल्या रस्त्यांच्या माहिती सेवेवर कळतं. संध्याकाळी हरणं आडवी येतात. अचानक आलं तर सरळ रेषेत ब्रेक मारा, वळवू नका; गाडी उलटण्याचा धोका हरणाच्या धडकेहून मोठा.

बॅडलँड्समध्ये सेज क्रीक रिम रोड हा खडीचा रस्ता जरूर करा, पण कोरडा असेल तरच. खडीखालची माती बेंटोनाइटची, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती, भिजली की साबणासारखी होते आणि टायरच्या खाचांत भरून चाक गुळगुळीत करते. तिथले लोक तिला ‘गम्बो’ म्हणतात. रात्री पाऊस झाला असेल तर डांबरी रस्त्यावरच राहा. बायसन (अमेरिकेतले रानगव्यासारखे प्राणी) दिसले तर २५ यार्डांच्या आत जाऊ नका. संथ दिसतात, पण माणसापेक्षा कितीतरी जोरात धावतात. रस्त्यावर कळप आला तर गाडीतच बसा, काचा वर घ्या, हॉर्न नको. सगळे पार होईपर्यंत थांबा, मग पहिल्या गिअरवर हळूच निघा.

आईचेही आशीर्वाद.

तुमचा,
बाबा