मोरजीत विमान आणण्यापूर्वी बोगमाळोला जाऊन या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझं डिचोलीत टिंकरिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. पत्रबित्र लिहायची सवय नाही, बिलं तेवढी लिहितो. पण माझ्या भाच्याने गेले तीन महिने विमानाचं खूळ घेतलंय. तसे आणखीही कुणी असतील, म्हणून लिहायला बसलो.

भाच्याची मोरजीत रस्त्याला लागून थोडी जागा आहे. मोबाइलवर त्याने बालीतलं कड्यावरचं विमान पाहिलं, लुधियानात एअरबसमध्ये काढलेलं हॉटेल पाहिलं, आणि ठरवून टाकलं. भंगारातलं एक विमान घ्यायचं, जागेत उभं करायचं, आत टेबलं मांडायची. लोक फोटोसाठी येतील आणि फिश थाळी खाऊन जातील. "मामा, पत्र्याचं काम तुझ्याकडे," हेही त्याने परस्पर ठरवलं.

मी म्हटलं, पत्र्याचं मग बघू, ते इथपर्यंत आणणार कसं? नोव्हेंबर २०२२ मध्ये असंच एक जुनं विमान हॉटेलसाठी केरळमधून हैदराबादला ट्रेलरवर निघालं होतं. आंध्रात बापटला जिल्ह्यात पुलाखाली अडकून बसलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात मुंबईहून आसामला निघालेलं दुसरं विमान बिहारात मोतिहारीला अडकलं. एअरबस ए-३२० चं धड चार मीटर रुंद आणि नाकापासून शेपटीपर्यंत साडेसदतीस मीटर. पंख उतरवले तरी धड काही घडी करून नेता येत नाही. आमच्याकडे रिकामा टिप्पर वळायला लागला तरी अर्धा बाजार थांबतो.

त्याला पटेना. शेवटी म्हटलं, मला तुझा एक रविवार दे.

तिसरीतला नातू, डबा घेऊन आमच्या मंडळी, भाचा आणि मी असे चौघे बोगमाळोला गेलो. तिथे नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ पासून. लाजेने सांगतो, मीही पहिल्यांदाच गेलो. आम्ही वास्कोला जाणार ते कुणाला विमानतळावर सोडायला, आणि मोपाचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून तेही संपलं. दाबोळी विमानतळाहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विमानं उघड्यावर उभी आहेत. नातू थेट सी हॅरियरकडे पळाला. जागच्या जागी उभं उतरणारं ते विमान २०१६ पर्यंत इथूनच उडायचं, आणि त्याचा आवाज वास्कोकरांना पाठ असेल. नातवाला सोंडेसारखी फिरणारी नळकांडी पाहायची होती.

मी मात्र सुपर कॉन्स्टेलेशन या चार पंख्यांच्या जुन्या विमानापुढे उभा राहिलो तो राहिलोच. एवढं मोठं विमान, पण धड सरळ नळीसारखं नाहीच. इसवणासारखं पोटाशी भरलेलं, शेपटीकडे निमुळतं. पत्र्याला असा बाक द्यायचा म्हणजे काय काम आहे ते आमच्या धंद्यातल्यालाच कळेल. आताच्या विमानांचं धड सरळ असतं ते त्यामुळेच, एकच माप पुन्हा पुन्हा जोडत जाता येतं. आणि शेपटीला उभी पाती एक नव्हे, तीन. का, तर एकच उंच पातं केलं असतं तर त्या काळच्या हँगरमध्ये विमान शिरलं नसतं. माझी शेड बुटकी म्हणून मी एका टेम्पोचा कॅरियर कापला होता, ते आठवून हसू आलं.

हे विमान आधी एअर इंडियाचं. या जातीच्या विमानांना त्यांनी राण्यांची नावं दिली होती. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि राण्या मागे पडल्या, म्हणून हवाई दलाकडे गेल्या. तिथे समुद्रावर टेहळणी केली. १९७६ मध्ये नौदलाने घेतल्या आणि दाबोळीला आणल्या. म्हणजे भंगारात निघायच्या आधी तीन नोकऱ्या झाल्या.

आणखी एक गोष्ट, जी गोव्यात तरी मुलांना सांगायला हवी. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले तेव्हा तिथे पोर्तुगिजांचं एक कॉन्स्टेलेशनच उभं होतं. खड्डे घाईघाईने बुजवून, अंधारात, उरल्यासुरल्या पट्टीवरून ते उडालं आणि कराचीला पोहोचलं. एक पळालं, आणि त्याच जातीचं दुसरं आज तिथून हाकेच्या अंतरावर उभं आहे.

एवढं मी वाचून गेलो होतो. खरी मजा पुढे आली. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ छत्री टेकत इंजिनाखाली उभे होते. बोलण्यावरून सावंतवाडीकडचे वाटले. मी मेकॅनिक म्हटल्यावर खुलले. नौदलात याच इंजिनांवर काम केलेलं. नातवाला म्हणाले, "एका इंजिनाला अठरा सिलिंडर, एका सिलिंडरला दोन प्लग. इंजिनं चार. सांग बघू प्लग किती?" नातू बोटं मोजू लागला, भाच्याने मोबाइल काढला. एकशे चव्वेचाळीस. "आणि ते सगळे आम्ही हातांनी काढायचो," म्हणत त्यांनी बोटांची पेरं दाखवली. जाड झालेली, तिरकी.

मग माझ्याशी वेगळं बोलले. गोल इंजिन, म्हणून रात्रभर उभं राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं. तसंच सुरू केलं तर तेल काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंख्याची पाती फिरवून खात्री करायची. अहो, पावसाळ्यात पाण्यात बुडालेल्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांचं हेच होतं! चावी फिरवतात आणि रॉड वाकवून घेतात. मी गिऱ्हाइकाला घसा फोडून सांगतो, पण एकशे चव्वेचाळीस प्लगवाल्याच्या तोंडून ऐकताना वेगळंच वाटलं.

भाचा अर्धा तास फोन खिशात ठेवून ऐकत होता. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आता त्याच्या हॉटेलबद्दल, टिंकर म्हणून. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा. तो लाल गंजत नाही, त्याला पांढरी भुकटी सुटते. जिथे लोखंडी बोल्ट लागलाय तिथे खारं पाणी गेलं की आधी तिथूनच खातो. त्यावर रंग सहज धरत नाही, वेगळा प्रायमर लागतो. मोरजीत वारा खारा, आणि आपल्याकडे पाऊस इंचांचं शतक ओलांडतो. विमान उभं करणं एका हंगामाचं काम, राखणं जन्माचं. आणि धंदा बसला तर? २००० साली कांदोळीच्या वाळूत 'रिव्हर प्रिन्सेस' ही बोट रुतली, ती निघायला बारा वर्षं लागली. किनारा कसा खचत गेला ते तिथल्या लोकांना विचारा.

भाच्याचं म्हणणं, विशाखापट्टणमला किनाऱ्यावर विमान ठेवलंय, लोक तिकीट काढून आत जातात, ते चालतं ना? चालतं. पण ते टीयू-१४२ आहे, नौदलाचं टेहळणीचं रशियन बनावटीचं विमान. ही जात १९८८ मध्ये पहिल्यांदा उतरली ती आपल्या दाबोळीला. इथून अरक्कोणमला गेली, २०१७ मध्ये निवृत्त झाली आणि त्याच वर्षी एक विमान विशाखापट्टणमकरांनी लोकांसाठी उघडलं. आपल्या अंगणात वाढलेलं पोर दुसऱ्या गावी नाव काढतंय. लोक तिथे जातात कारण त्या विमानाला सांगण्यासारखं काही आहे. भाच्याच्या विमानात सांगणार काय, आजचा मेनू?

माझं मागणं मोठं नाही. डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या शाळांनी एक सहल इकडे वळवावी. आणि वास्को, चिखलीत नौदलातून निवृत्त झालेले असे तंत्रज्ञ बरेच राहतात. त्यांच्यातल्या कुणाला रविवारी तासभर त्या विमानाखाली खुर्ची टाकून बसवता आलं तर बघावं. आम्हाला ते गृहस्थ नशिबाने भेटले, दर वेळी कुणाला भेटतीलच असं नाही.

परतताना झुआरी पुलावर भाचा म्हणाला, "मामा, निदान पाटीवर तीन शेपट्यांचं विमान रंगवून देशील?" ते देईन म्हटलं.

त्या गृहस्थांचं नाव-गाव विचारायचं राहून गेलं. हे पत्र त्यांच्या वाचनात आलं तर त्यांना कळवायचं आहे की नातवाने शाळेच्या वहीत तुमचं विमान काढलंय. शेपटीची पाती बरोबर तीन आहेत, पण पंख्याला तीनाऐवजी पाच-पाच पाती काढलीत आणि माझं ऐकत नाही.

आपला,
एक टिंकर, डिचोली