बाटलीत बुडबुडा राहू देऊ नकोस

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तुझी पाण्याच्या प्रयोगशाळेतली इंटर्नशिप सुरू. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला नमुना टेबलावर आयता येतो आणि उत्तर साधारण काय यायला हवं ते आधीच्या बॅचला ठाऊक असतं. इथे नमुना तुला आणावा लागेल आणि उत्तर कुणालाच माहीत नसेल. गोड्या पाण्यात आंघोळीला उतरायचं तर डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त आणि बीओडी, म्हणजे जंतूंना पाण्यातली घाण खाताना लागणारा ऑक्सिजन, ३ किंवा कमी असावा लागतो. तुझा आकडा ४.८ की ५.२ यावर काहीतरी ठरणार आहे. आणि हा आकडा प्रयोगशाळेत ठरत नाही गे, बराचसा नदीच्या धक्क्यावर नमुना घेतानाच ठरून गेलेला असतो. म्हणून तिथपासून लिहिते.

डीओची बाटली ३०० मिलीची, निमुळत्या काचेच्या बुचाची. ती बादलीत बुचकळून भरायची नाही. सॅम्पलरची (नमुना उचलायच्या भांड्याची) रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकव, पाणी हळू सोड आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहून जाऊ दे. नळी सावकाश वर काढ, बूच तिरकं लाव. मग बाटली उलटी करून उजेडात बघ. मुगाएवढा बुडबुडा दिसला तरी ते पाणी ओतून पुन्हा भर. त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन पुढे सगळा तुझ्या आकड्यात येतो आणि नंतर तो वजा करायला कुठलंच सूत्र नाही.

रायबंदरला किंवा बेतीला फेरीबोट नुकतीच सुटलेली असेल तर थोडं थांब. तिच्या पंख्याने तळाचा गाळ वर आलेला असतो, पाण्यात हवाही घुसळलेली असते. वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान आणि रंग तिथेच लिही. मांडवी नदीत मे महिन्यात समुद्राचं पाणी पार आत शिरतं आणि जुलैत त्याच धक्क्यावर जवळजवळ गोडं पाणी असतं. भरतीची नोंद नसेल तर दोन महिन्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही.

ऑक्सिजन तिथल्या तिथेच बांधायचा, म्हणजे रसायनांनी पकडून ठेवायचा, प्रयोगशाळेत नेऊन नाही. बाटलीतले जंतू वाटेतही श्वास घेत असतात. आधी १ मिली मँगनीज सल्फेट, मग १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याच्या जरा खाली धरून. दोघांच्या पिपेट वेगळ्या ठेव आणि पाण्यात बुडालेली पिपेट धुतल्याशिवाय परत बाटलीत घालू नकोस. अदलाबदल झाली की अभिकर्मकाची (त्या रसायनाची) सगळी बाटलीच तपकिरी होते. बूच लावून बाटली पंधरा-वीस वेळा वरखाली कर. तपकिरी साका (तळाशी बसणारा गाळ) आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. नाल्याच्या तोंडाशी पांढरा आला तर घाबरून बाटली फेकू नकोस, तेच तिथलं उत्तर आहे. साका अर्ध्यावर बसला की पुन्हा हलव, पुन्हा बसू दे. खाऱ्या पाण्यात तो फार सावकाश बसतो, तिथे घाई नको. मग १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. साका विरघळून पाणी आयोडीनच्या पिवळ्या-तपकिरी रंगाचं होतं. जितका ऑक्सिजन तितकंच आयोडीन, विंकलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिलेली ही युक्ती अजून तशीच चालते.

आयोडीन उडून जातं, म्हणून टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून (खुणांच्या काचनळीतून) थेंब थेंब थायोसल्फेट सोडून आयोडीन मोजणं, त्याच दिवशी आणि न रेंगाळता कर. मोजून २०१ मिली घे. हा वरचा एक मिली का, असं कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे: दोन अभिकर्मक घालताना मूळचं २ मिली पाणी बाहेर सांडलं, ते भरून काढायला २०० ला ३०० ने गुणून २९८ ने भागायचं. ०.०२५ नॉर्मल (ही द्रावणाची तीव्रता) थायोसल्फेट वापरलं की जितके मिली तितके मिलिग्रॅम प्रति लिटर, थेट. रंग वाळलेल्या गवतासारखा फिका झाल्यावरच स्टार्च घाल. आधीच घातलंस तर गडद निळं आयोडीन स्टार्चला चिकटून बसतं आणि शेवटचा बिंदू लांबतो. निळं पहिल्यांदा गेलं की तिथेच थांब. मिनिटभराने निळं परत येतं, ते धरायचं नाही. पण लगेच आणि सारखं परत येत असेल तर पाण्यात नायट्राइट आहे आणि त्याला मारणारं अझाइड कमी पडलं असा संशय घे. सांडपाण्याजवळच्या नमुन्यात हे होतं.

ब्युरेट थायोसल्फेटनेच विसळायची, फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. भरून झाल्यावर फनेल काढून ठेव, त्यातून पडलेला एक थेंब ०.०५ मिली असतो. तोटीखालच्या टोकात हवा राहिली असेल तर ती मधेच सुटते आणि आकडा उगाच वाढतो.

थायोसल्फेट लिटरला ६.२०५ ग्रॅम, सोबत ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे जंतू लागत नाहीत. तरी बाटलीवर ०.०२५ लिहिलंय म्हणून ते ०.०२५ आहे असं मानू नकोस, माहीत तीव्रतेच्या आयोडेटने ताडून बघ. स्टार्च आपल्या हवेत चार दिवसांत नासतं आणि निळ्याऐवजी जांभळट-तांबूस रंग देतं. १०० मिलीत ०.२ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घातलं की टिकतं. अल्कली-आयोडाइड करायला सांगितलं तर फार जपून. लिटरला ५०० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड असतं, पाणी उकळायला लागेल इतकं तापतं. भांडं गार पाण्यात ठेव, पाण्यात थोडं थोडं हायड्रॉक्साइड सोड, उलटं कधीही नाही. पावसाळ्यात त्याच्या गोळ्या तराजूवर बघता बघता ओल्या होतात, तेव्हा कागदावर नको, बीकरमध्ये पटकन तोल. साठवायला प्लास्टिकची बाटली, काचेचं बूच अडकून बसतं. सोडियम अझाइड विषारी आहे. ते आम्लात पडू द्यायचं नाही, वायू निघतो तोही विषारी. सिंकमध्येही ओतायचं नाही, पाइपातल्या तांब्या-शिशाशी त्याचे स्फोटक क्षार बनतात.

बीओडीत मुलं अडतात ती पातळ करण्यावर. बाटली बंद ठेवायला तुझ्या पुस्तकात ५ दिवस आणि २० अंश असेल, आपल्या देशात ३ दिवस आणि २७ अंश धरतात. २७ अंशांना गोड्या पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, तेवढंच तुझं भांडवल. शेवटी निदान २ खर्च झालेले हवेत आणि निदान १ उरलेला हवा. समज सांडपाण्याचा बीओडी २०० आहे. ३०० मिलीच्या बाटलीत ३ मिली घातलंस तर २ खर्च होतील, ६ मिलीला ४, आणि १५ मिलीला १० खर्च व्हायला हवेत, ते आणायचे कुठून? ती बाटली शून्यावर येते आणि आकडा खोटा कमी दिसतो. म्हणून एकाच नमुन्याच्या तीन तरी पातळ्या लाव. नुसत्या डायल्यूशन वॉटरच्या (पातळ करायच्या पाण्याच्या) ब्लँकमध्ये, म्हणजे नमुना न घातलेल्या बाटलीत, ०.२ पेक्षा जास्त घट आली तर त्या दिवसाच्या बाकी बाटल्यांवरही विश्वास ठेवू नये. बहुधा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन किंवा नळी आतून बुळबुळीत झालेली असते.

बाटलीच्या गळ्याभोवतीचं पाणी तीन दिवसांत सुकतं आणि हवा आत जाते, म्हणून वर टोपी घाल. पावसात वीज गेली तर किती वेळ गेली ते लिही, इन्क्युबेटरचा (बाटल्या ठेवायच्या २७ अंशांच्या कपाटाचा) थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ बघ. आणि वार मोज! सोमवारी लावलेली बाटली गुरुवारी उघडते, मंगळवारची शुक्रवारी, शुक्रवारची सोमवारी. गुरुवारी लावलीस तर रविवारी कोण येणार? चवथीच्या आधीच्या आठवड्यात तर हे सरांना आधीच विचारून ठेव.

सीओडी, म्हणजे रसायनाने घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन, तुला कदाचित नुसतं बघायला देतील. एवढं लक्षात ठेव की क्लोराइड आधी मोजायचं. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला १९,००० मिलिग्रॅमच्या घरात असतं आणि मर्क्युरी सल्फेट साधारण २,००० पर्यंतच त्याला आवरू शकतं. खाडीच्या नमुन्याचा सीओडी भलताच जास्त आला तर ते मीठही असू शकतं. तापवण्याआधीच ट्यूब हिरवी झाली तर घाण जाळणारं डायक्रोमेट संपलं, नमुना पातळ करून पुन्हा. त्यातला पारा वेगळ्या बाटलीत जमवायचा.

नोंदवही बांधलेली, पेन निळं किंवा काळं. ब्युरेटची सुरुवात आणि शेवट दोन्ही लिही, नुसती वजाबाकी नको. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. सुट्या चिठोऱ्यावर लिहून संध्याकाळी उतरवून काढायची सवय लावून घेऊ नकोस. दुपारच्या हिरवट पाण्यात ११ मिलिग्रॅम आलं तर ते खरंही असेल, उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतंच. किंवा तो तुझा बुडबुडा असेल. रंग आणि वेळ लिहिली असेल तरच नंतर हे सांगता येईल. कालचा आकडा ६ होता म्हणून आज ६ च्या जवळ नेऊ नकोस, कुणी हसत हसत सुचवलं तरी.

काच धुणाऱ्या माणसाला नमस्कार करून विचार की कुठला फ्लास्क कशासाठी ठेवलाय. ते तिथे सर्वांत आधी त्यालाच कळतं.

मावशीला माझा नमस्कार सांग. डबा विसरू नकोस, धक्क्यावर जायच्या दिवशी सुके कपडे बॅगेत ठेव. पहिल्या दोन टायट्रेशनमध्ये किती फरक पडला तेवढं रात्री फोनवर कळव. ०.१ मिलीच्या आत असला तर दुसऱ्या दिवशी त्याच हाताने पुढे जा. जास्त असला तर मला सगळ्या पायऱ्या क्रमाने सांग, आपण मिळून शोधू.

तुझी आई
पेडणे