टेकडीवरच्या वाटा सपाट करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सायकली चालवणाऱ्यांमुळे फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांना त्रास होतो, ही तक्रार हल्ली वारंवार कानावर येते. तक्रार खरी आहे. मी टेकडीवर माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांसाठीची सायकल, चालवते आणि तितक्याच आवडीने पायीही जाते. मागून आवाज न देता कोणी भर्रकन अंगाला घासून गेले की छातीत कसे धस्स होते, हे मला ठाऊक आहे. पण त्यावर लोक जे दोन उपाय सुचवतात, ते मला मान्य नाहीत. एक, सायकलींना सरसकट बंदी. दुसरा, वाटेवरचे दगड काढून, मुरूम टाकून ती रुंद आणि सपाट करायची. या दुसऱ्या उपायाने तर दुखणे वाढेल.

कारण साधे आहे. उतारावरची वाट गुळगुळीत केली की पेडल न मारताही सायकल सुसाट सुटते. तीच वाट दगडधोंड्यांची, वळणावळणाची असेल तर पट्टीचा सायकलस्वारसुद्धा चालणाऱ्याच्याच वेगाने उतरतो. वेग हवा असलेले तिकडे फिरकत नाहीत आणि जे येतात त्यांचे सगळे लक्ष पुढच्या दहा फुटांवर असते. टेकडीच्या माथ्यावरच्या रुंद, सरळ रस्त्यावर मला जितकी भीती वाटते, तितकी खडकाळ पायवाटेवर कधीच वाटत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. जुन्या खाणीच्या बाजूने उतरताना एके ठिकाणी काळ्या दगडाची गुडघाभर उंच पायरी आहे. तिथे पोचण्याआधीच सीटवरून उठावे लागते. दोन्ही पेडल एका पातळीत, कोपरे बाहेर, वजन मागे, आणि नजर पायरीवर नाही तर पायरीनंतरच्या वळणावर. ब्रेकवर एकेकच बोट. वेग आधीच कमी करून घ्यायचा, कारण पुढचे चाक खाली टेकत असताना पुढचा ब्रेक करकचून दाबला तर चाक जागीच अडते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. हे सगळे दोन-तीन सेकंदांत होते. ते जमावे म्हणून मुले आधी विटेएवढ्या उंचीवरून, मग फुटभर उंचीवरून, असे परत परत उतरत राहतात. सायकल हातात धरून चढायचे, पुन्हा उतरायचे. या खेळात धाडसापेक्षा सराव जास्त लागतो, आणि सरावाला जागा लागते.

ती जागा पुण्यात नाही, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे. माउंटन बाइकिंग १९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून ऑलिंपिकमध्ये आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा आपल्याच देशात, केरळमधल्या पोनमुडीला झाली. सायकलींचे शहर म्हणून ज्या पुण्याची ओळख होती, तिथल्या मुलाला मात्र दगडातून सायकल काढायला शिकायचे तर आजी-आजोबांच्या फिरायच्या वाटेवरच शिकावे लागते. मग भांडणे होणारच.

माझी मागणी एवढीच आहे, की टेकडीच्या कडेच्या, आधीच खणून-उकरून खराब झालेल्या एखाद्या पट्ट्यात फक्त सायकलींसाठी, एकाच दिशेने उतरणारी एक अरुंद वाट आखून द्यावी. नव्याने झाडे तोडून नको, मोरांच्या जागेत नको आणि पाणी साचणाऱ्या खाणीजवळ तर अजिबात नको. वाटेत असलेले दगड तसेच राहू द्यावेत आणि जिथे नाहीत तिथे रचून बसवावेत.

अशी वाट बांधण्याचे एक शास्त्र आहे. बर्फावरच्या स्कीइंगमधून घेतलेल्या खुणा अनेक ठिकाणी वापरतात: हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती अशी, की अवघड वाटेच्या तोंडाशीच सगळ्यांना दिसेल असा एक अवघड टप्पा ठेवतात. तो ज्याला जमत नाही तो तिथूनच मागे फिरतो, अर्ध्या वाटेत अडकत नाही. आतल्या प्रत्येक मोठ्या दगडाला बाजूने सोपी बगल दिलेली असते. उडी ठेवायची झाली तर दोन उंचवट्यांमधला खड्डा मातीने भरून वर सपाट करतात, म्हणजे उडी कमी पडली तरी चाक मातीवरच टेकते. घसरून खरचटणे, मनगट मुरगळणे हे होईलच, पण मोठी दुखापत टाळण्याचा विचार आखणीतच केलेला असतो.

मातीची धूप होईल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. सरळ उतारावर धावणारी वाट पहिल्याच पावसात ओघळ होते, लोक ओघळाच्या बाजूने चालू लागतात, आणि दोन पावसाळ्यांत तीन फुटांच्या वाटेचा पंधरा फुटांचा पट्टा होतो. टेकडीवर असे पट्टे जागोजागी दिसतात आणि त्यातले बरेचसे पायांनीच पडलेले आहेत. अमेरिकेतल्या मोंटानामध्ये झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भिजवलेल्या वाटेवर सायकलच्या चाकापेक्षा माणसांच्या पायांनी आणि घोड्यांच्या टापांनी जास्त माती सुटल्याचे दिसले होते. मागचे चाक लॉक करून घसरवत नेणारा सायकलस्वार नक्कीच माती उकरतो. त्याला आम्हीच थांबवले पाहिजे. पण मुख्य शत्रू पाणी आहे. वाट डोंगराला आडवी काढायची, तिचा चढ त्या डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा, बाहेरच्या बाजूला थोडा ढाळ द्यायचा आणि अधूनमधून बसकी घडी ठेवायची (वाट थोडी खाली जाऊन पुन्हा वर यावी अशी), म्हणजे पाणी वाट धरून पळत नाही, तिथल्या तिथे ओलांडून जाते. ज्यांनी टेकड्यांवर समतल चर खणले आहेत त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. भर पावसात आणि पाऊस थांबल्यावर माती वाळेपर्यंत वाट बंद ठेवावी, यावर आमच्यापैकी कोणाचाही वाद नसेल. शेवाळलेल्या काळ्या दगडावर टायर तसाही टिकत नाही.

मोटारसायकली आणि बॅटरीवरच्या गाड्यांना तिथे प्रवेश नसावा, हे वेगळे सांगायला नको.

कॅनडात व्हँकुव्हरच्या उत्तरेकडच्या डोंगरांवर हाच वाद झाला होता. तिथल्या मुलांनी नव्वदच्या दशकात जंगलात परवानगीविना लाकडी पूल आणि उतार बांधले, आणि वाटा बंद करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. १९९७ मध्ये सायकलस्वारांनी संघटना काढली, जमिनीच्या मालकांशी बोलणी केली, आणि आज त्या वाटांची डागडुजी तिचे स्वयंसेवक करतात. पुण्याला टेकड्यांवरच्या श्रमदानाची जुनी सवय आहे. झाडे लावायला, पाणी घालायला माणसे वर्षानुवर्षे पहाटे वर चढतात. वाट राखायलाही चढतील.

वनखाते आणि महापालिकेने निदान प्रयोग म्हणून अर्धा किलोमीटरची एक वाट पावसाळ्याआधी आखून द्यावी आणि तोवर जुन्या पायवाटांवर मुरूम टाकण्याचे, फरशा बसवण्याचे कोणतेही काम हाती घेऊ नये. जागा दाखवली की पहारी, घमेली आणि रविवारची सकाळ आमची.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे