जांघेच्या दुखण्याबद्दल निखिलला

रत्नागिरी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर 'जांघ खेचलीय' एवढंच म्हणतोस आणि विषय बदलतोस. आईशी बोलायला लाजतोस, कळतं. पण फिजिओथेरपीत माझं आयुष्य गेलं रे, अशा जांघा रोज बघते.

दिवाळीपासून तुला नावंच मिळतायत. कोच म्हणतात स्नायू ओढला, डॉक्टर म्हणतात स्पोर्ट्स हर्निया, एमआरआयमध्ये ऑस्टायटिस प्युबिस, म्हणजे कमरेची हाडं समोर जुळतात तिथली सूज. हा गोंधळ जगभर होता. म्हणून 2014 साली दोह्यात 14 देशांतले 24 तज्ज्ञ बसले आणि यातली बरीच नावं वापरूच नका म्हणाले. त्यापेक्षा हाताने तपासून जागा ठरवा: मांडीच्या आतले अ‍ॅडक्टर स्नायू, पाय वर उचलणारा इलिओसोआस, जांघेतली नळी, की दोन्ही बाजूंची हाडं जुळतात तो मधला सांधा. खुबा वेगळा बघायचा. दोन जागा एकदमही दुखू शकतात.

तू कबड्डीतला चढाईपटू, बोनससाठी पाय लांबवतोस, म्हणून माझा संशय अ‍ॅडक्टरवर. उताणा झोपून गुडघ्यांत मित्राची मूठ दाब. तेच ओळखीचं दुखणं उठलं आणि स्नायू हाडाला चिकटतो तिथे बोट दाबल्यावरही दुखलं, तर तेच. दोन्ही हवं, एकाने भागत नाही. खोकताना, शिंकताना कळ येत असेल तर नळीकडे बघावं लागेल. फुगवटा हाताला लागला तर तो खरा हर्निया, सर्जनकडे जा. आणि एमआरआयला घाबरू नकोस, काही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या हाडातही सूज दिसते.

मात्र रात्री ठणकत असेल, वृषणात दुखत असेल किंवा त्या पायावर भार देताना खुब्यात कळ येत असेल, तर वाट बघू नकोस. भार देताना कळ येत असेल तर खुब्याच्या हाडाला बारीक तडा असू शकतो.

अ‍ॅडक्टर निघाला तर नुसत्या मशीनच्या शेकाने भागणार नाही. 1999 च्या एका डॅनिश अभ्यासात व्यायाम करणारे 23 खेळाडू न दुखता पूर्वीसारखे खेळू लागले, मशीन-मसाजवाल्यांत फक्त 4. व्यायाम 8 ते 12 आठवडे चालला होता. तुला एवढा धीर कुठला!

आजीने तेल पाठवलंय. लाव, पण रगडू नकोस. जत्रेच्या सामन्यांना नाव दिलंयस असं बाबांकडून कळलं, ते आजच काढून घे.

तुझी,
आई