जुन्या रेसिंग मोटारींच्या बातमीत इंजिनही असू द्या

संपादक महोदय,

जुन्या मोटारींची बातमी बहुतेक वेळा छायाचित्र आणि लिलावातली किंमत यांवरच संपते. या गाड्या बांधल्या गेल्या शर्यतीसाठी, आणि त्यांची खरी ओढ तिथेच कळते.

आजच्या शर्यतीतल्या गाड्या एकाच नियमपुस्तकातून उतरतात. लांबून त्या रंगावरूनच ओळखायच्या. शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक कारखान्याचा तोडगा वेगळा होता. ऑस्टिन सेव्हनचे इंजिन 747 सीसीचे. 1911 च्या फियाट एस 76 चे 28.4 लिटरचे, तेही चारच सिलिंडरांचे. म्हणजे तिच्या एका सिलिंडरात ऑस्टिनची नऊ इंजिने मावतील. ही फियाट 2015 मध्ये इंग्लंडातल्या गुडवुडच्या चढाच्या शर्यतमार्गावर पुन्हा धावली. 1924 च्या बुगाटी टाइप 35 मध्ये चाक आणि ब्रेकचा ड्रम ॲल्युमिनियमच्या एकाच ओतकामात आहेत, त्यामुळे चाक काढले की ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणारे तुकडे) लगेच तपासता येतात. साखळीने चालणाऱ्या फ्रेझर नॅश गाडीत प्रत्येक गिअरला वेगळी साखळी असते आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसते. मागची दोन्ही चाके सारखीच फिरत असल्याने तिला वळणावर मागून घसरवतच काढावे लागते. ते दृश्य फार देखणे असते!

चालकाचे कसबही डोळ्यांना दिसते. सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नसलेल्या गिअरबॉक्समध्ये खालचा गिअर टाकताना क्लच दाबायचा, न्यूट्रलला यायचे, क्लच सोडून इंजिनाचे फेरे वाढवायचे, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. फेरे कमी पडले तर दात खडखडतात आणि झिजतात. त्यातून कित्येक गाड्यांत ॲक्सिलरेटर मधोमध, ब्रेक उजवीकडे.

बिघाड बहुधा दोन ठिकाणी. सळ्यांनी किंवा तारेने ओढले जाणारे ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे लागले नाहीत तर गाडी एका अंगाला ओढते. म्हणून चारही चाके जॅकवर उचलून, पेडल एका जागी दाबून धरून प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाते. हे लक्षात ठेवूनच वळणाआधी ब्रेक लावावा लागतो. दुसरे ठिकाण तेलाचे. शर्यतीच्या इंजिनांत वापरले जाणारे एरंडेल तेल उष्णतेत उत्तम टिकते, पण खनिज तेलात मिसळत नाही, आणि पडून राहिले की चिकट राळ होते. ती तेलाच्या वाटा बुजवते, बेअरिंग कोरडे पडते आणि त्यातला पांढरा धातू (बेअरिंगचे मऊ अस्तर) वितळतो. शर्यतीनंतर इंजिन गरम असतानाच तेल काढून टाकावे; तेलाचा प्रकार बदलायचा असेल तर संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उतरवून सगळे धुतल्याशिवाय नवे भरू नये.

ब्रिटनमध्ये 1934 साली स्थापन झालेला व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब अशा शर्यती आजही भरवतो. त्यांतल्या काही हँडिकॅप पद्धतीच्या असतात: मंद गाडी आधी सुटते, वेगवान मागून. अशा निकालात फक्त विजेत्याचे नाव छापले तर वाचकाला काहीच उमगत नाही. प्रत्येक गाडीचे साल, इंजिनाची क्षमता आणि ती किती सेकंद आधी सुटली, एवढे तीन आकडे तरी कृपया द्यावेत.

आपला,
एक नियमित वाचक